हार्लन नावाचं भांडण

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं, ही आपल्याकडची रीत. पण हार्लन एलिसन हा अमेरिकन सायन्स फिक्शन रायटर गेला, तेव्हा फॅन्सनी त्याची आठवण काढली ती त्याच्या भांडणांसकट. हा माणूस होता तरी कसा? आणि त्याच्याकडून नेमकं काय घ्यायचं, काय नाही?

२९ जून २०१८. पुण्यात धो धो पाऊस. मी तेव्हा मासकॉम करत होते. सकाळी सातला मोबाइल वाजला. पलीकडे आमच्या ग्रुपमधला एक इंजिनिअर मित्र, आवाज पार पडलेला.

"अगं, म्हातारा गेला."

माझ्या पोटात गोळाच आला. "अरे देवा! कधी? कुठे?"

"लॉस एंजेलिसला. झोपेत."

"लॉस एंजेलिस? तुझे आजोबा तर सांगलीला असतात ना?"

"आजोबा नाही गं! हार्लन! हार्लन एलिसन!"

आता यावर माणसाने काय बोलावं? मी आधी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग मात्र गप्प झाले. कारण या हार्लनला मीही ओळखत होते. म्हणजे त्याची एकही कथा तोवर वाचली नव्हती, पण त्याचं एक भांडण मला तोंडपाठ होतं.

ते भांडण आम्हाला वर्गात सरांनी दाखवलं होतं. 'ड्रीम्स विथ शार्प टीथ' ही हार्लनवरची २००८ची डॉक्युमेंटरी. त्यातला साधारण तीन-साडेतीन मिनिटांचा तुकडा. पांढऱ्या केसांचा एक म्हातारा कॅमेऱ्यासमोर तावातावाने सांगतोय. 'बॅबिलॉन ५' या सिरियलच्या डीव्हीडीसाठी त्याची जुनी मुलाखत वापरायची होती. एका छोट्या कंपनीतल्या मुलीने परवानगीसाठी फोन केला. हा म्हणाला, वापरा की, पैसे किती देणार? ती गडबडली. बाकी सगळे फुकट देताहेत, शिवाय तुमची पब्लिसिटी होईल, म्हणाली. झालं! बाबाचा पारा चढला. तुला पगार मिळतो ना? तुझ्या बॉसला मिळतो ना? पेट्रोल पंपावर जाऊन कधी फुकट पेट्रोल मागतेस का? डॉक्टर फुकटात ऑपरेशन करतो का? मग लेखकानेच फुकट का द्यायचं?

आमच्या वर्गात टाळ्या, शिट्ट्या! आम्ही सगळे उद्याचे पत्रकार होतो आणि त्यातले निम्मे कुठे ना कुठे फुकट इंटर्नशिप करत होतो. 'एक्स्पोजर मिळेल' हे वाक्य रोज ऐकत होतो. हा म्हातारा आमचा हीरो झाला, तिथल्या तिथे.

कोण हा हार्लन?

हार्लनचा जन्म २७ मे १९३४चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडचा. चणीने लहान, ज्यू घरातला. शाळेत त्याने पोरांचा भरपूर मार खाल्ला. घरातून पळून जाणं हा छंदच. कॉलेजातून दीड-दोन वर्षांत हकालपट्टी. कारण? तो स्वतः सांगायचा तो किस्सा असा: प्रोफेसर म्हणाले, तुला लिहिता येत नाही. याने त्यांना ठोसा लगावला. आणि पुढची वीसेक वर्षं छापून आलेल्या प्रत्येक कथेची प्रत त्या प्रोफेसरांना पोस्टाने पाठवली!

अशा प्रती पाठवायच्या म्हणजे पोस्टाचा खर्च दांडगाच. कारण हार्लनने कथा, लेख, पटकथा मिळून १७००च्या वर लिखाण केलं. सगळं टाइपरायटरवर. कॉम्प्युटरला त्याने जवळ फिरकू दिलं नाही. पुस्तकांच्या दुकानाच्या काचेमागे टाइपरायटर घेऊन बसायचा, बाहेर गर्दी बघतेय आणि आत याची कथा चाललीय. लिखाण ही काही जादू नाही, सुतारकामासारखंच काम आहे, हे लोकांना दाखवायचं होतं म्हणे. ह्युगो अवॉर्ड तब्बल आठ, नेब्युला चार. ह्युगोची मतं वाचक-फॅन्स देतात, नेब्युलाची लेखक. म्हणजे दोन्हीकडे बंदा पास! २००६ मध्ये सायन्स फिक्शन लेखकांच्या संघटनेने त्याला 'ग्रँड मास्टर' केलं. आणि एवढं होऊनही कोणी त्याला 'साय-फाय रायटर' म्हटलं, की गेला तो कामातून. तो शब्द त्याच्या डोक्यातच जायचा.

पंगा नंबर वन

किस्से तर इतके, की एक अंक पुरणार नाही.

१९६५ची गोष्ट. बेव्हर्ली हिल्समधला एक क्लब. हार्लन पूल टेबलाशी उभा. तिथे साक्षात फ्रँक सिनात्रा. सिनात्राला याचे बूट खटकले. त्याने हटकलं. तेव्हा सिनात्राला उलट उत्तर देणं म्हणजे हॉलिवूडमध्ये स्वतःच्या हाताने दुकान बंद करणं. हार्लनने दिलं. मला हे बूट आवडतात, बास! तिथे पत्रकार गे टॅलीस हजर होता. त्याने 'एस्क्वायर'च्या एप्रिल १९६६च्या अंकातल्या सिनात्रावरच्या गाजलेल्या लेखात हा प्रसंग लिहिला. मासकॉमवाल्यांना तो लेख अभ्यासाला असतो. आम्हालाही होता.

डिस्नेमध्ये तो एक दिवस टिकला. कँटीनमध्ये डिस्नेच्या लाडक्या कॅरेक्टर्सची अश्लील फिल्म काढू या, असा जोक केला आणि तो शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी ऐकला. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत नोकरीही संपली. एका प्रकाशकाने करार मोडून त्याच्या पुस्तकात सिगारेटची जाहिरात घातली, तर याने पोस्टाने विटा पाठवल्या. पोस्टेज भरायचं प्रकाशकाने! तेवढ्याने भागलं नाही म्हणून शेवटी मेलेला गोफर पाठवला. आपल्याकडची घूसच समजा. तीही सगळ्यात स्लो पोस्टाने, म्हणजे पोचेपर्यंत... असो, जेवताना वाचत असाल.

अर्थात, यातले बरेच किस्से हार्लननेच रंगवून सांगितलेले. फॅन्सनाही ते ठाऊक होतं. थोडं मीठमसाला धरून चालायचं.

पण काही भांडणं कागदोपत्री आहेत. 'स्टार ट्रेक'चा सगळ्यात गाजलेला एपिसोड 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' (१९६७) त्याने लिहिला. सिरियलचा कर्ता जीन रॉडनबेरी आणि त्याच्या टीमने स्क्रिप्ट बदललं. टीव्हीवर दिसलेल्या एपिसोडला ह्युगो मिळालं आणि हार्लनच्या मूळ स्क्रिप्टला रायटर्स गिल्डचं अवॉर्ड. दुसरा कोणी दोन्ही ट्रॉफ्या शोकेसमध्ये ठेवून गप्प बसला असता. हार्लनने १९९६ मध्ये आपलं मूळ स्क्रिप्ट पुस्तकरूपात छापलं, आणि पुढे भलीमोठी संतापलेली प्रस्तावना जोडली. तीस वर्षं झाली होती आणि रॉडनबेरी वारूनही पाच!

१९८४च्या 'द टर्मिनेटर'चंही तेच. आपण १९६४ मध्ये 'द आउटर लिमिट्स' सिरियलसाठी लिहिलेल्या 'सोल्जर' एपिसोडशी हे जुळतंय, असं हार्लनचं म्हणणं. जेम्स कॅमेरॉनला ते अजिबात मान्य नव्हतं, पण कंपनीने कोर्टाबाहेर मिटवलं. तेव्हापासून पिक्चरच्या क्रेडिट्समध्ये हार्लन एलिसनचे आभार दिसतात. पुढच्या वेळी पिक्चर संपल्यावर लगेच रिमोट उचलू नका.

नावासाठी असा भांडणारा माणूस दुसरीकडे स्वतःचं नाव काढूनही घ्यायचा. आपल्या स्क्रिप्टची वाट लावली असं वाटलं, की तिथे 'कॉर्डवेनर बर्ड' हे टोपणनाव लावायचा. जाणकारांना कळायचं, की इथे काहीतरी राडा झालाय! मला यावरून आपले जयंत नारळीकर आठवले. आपल्या पिढीला सायन्स फिक्शनचा रस्ता त्यांनीच दाखवला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. परीक्षकांवर मोठ्या नावाचा दबाव नको म्हणून. पहिला नंबर आला! एकाने नाव लपवलं, दुसऱ्याने नावासाठी अख्खं हॉलिवूड अंगावर घेतलं. मुद्दा एकच, की कामाची किंमत कामावरून ठरावी.

झापलं आणि उभंही केलं

हार्लन गेल्यावर फॅन्सच्या आठवणींचा जो पूर आला, त्यात एक गंमत होती. 'त्याने मला काय झापलं होतं!' आणि 'त्याने माझ्यासाठी काय केलं!' ही दोन्ही वाक्यं पुष्कळदा एकाच माणसाच्या तोंडी.

'बॅबिलॉन ५'चा निर्माता जे. मायकल स्ट्राझिन्स्की हे त्यातलं बेस्ट उदाहरण. हा तरुणपणी हार्लनच्या कथांनी भारावलेला. स्वतःच्या कथा कुठेच खपेनात, म्हणून धीर करून त्याने थेट हार्लनला फोन लावला. माझ्या कथा का विकल्या जात नाहीत? हार्लनचं उत्तर साधारण असं, की टुकार लिहितोस म्हणून, टुकार लिहिणं बंद कर! (मूळ शब्द इथे छापता येणार नाही.) पोरगा खचला नाही, सुधारला. पुढे त्यानेच हार्लनला 'बॅबिलॉन ५'चा सल्लागार नेमलं. जिवलग मैत्री झाली. हार्लन आणि त्याची बायको सुझन गेल्यावर त्यांच्या घराची, पुस्तकांची, कागदपत्रांची जबाबदारीही याच्याकडेच आली.

आणि ऑक्टेव्हिया बटलर. कृष्णवर्णीय, गरीब घरची, कमालीची लाजाळू मुलगी. लॉस एंजेलिसमध्ये पटकथालेखकांच्या संघटनेने नवोदितांसाठी वर्ग चालवला, तिथे हार्लन शिकवायला होता. तिला पटकथा जमेना, पण ही कथालेखिका आहे हे त्याने ओळखलं. १९७०च्या 'क्लॅरियन' वर्कशॉपला जाण्यासाठी तिच्या मागे लागला. तिथे तिची 'चाइल्डफाइंडर' ही कथाही विकत घेतली. पुढे ती सायन्स फिक्शनमधलं केवढं मोठं नाव झाली!

१९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सेल्मा ते मॉन्टगोमेरी मोर्चात हार्लन चालला. १९७८ मध्ये अॅरिझोनातल्या जागतिक सायन्स फिक्शन संमेलनाचा तो प्रमुख पाहुणा होता. पण त्या राज्याने स्त्रियांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला मंजुरी दिली नव्हती. आधी दिलेला शब्द तर मोडायचा नाही. मग याने हॉटेलऐवजी गाडीत मुक्काम ठोकला आणि त्या राज्यात खिशातला पैसा खर्च करायला नकार दिला. सही ना?

इथेच थांबले असते, तर हा लेख मस्त गोड झाला असता.

आता दुसरी बाजू

ऑगस्ट २००६. कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइमला ह्युगो अवॉर्ड्सचा सोहळा. स्टेजवर कॉनी विलिस, सायन्स फिक्शनमधली अतिशय मानाची लेखिका. स्टेजवर हार्लनही आला आणि त्याने सगळ्यांसमोर तिच्या छातीला हात लावला. आधी माफी मागितली. मग काही दिवसांत सूर बदलला आणि स्वतःचीच बाजू मांडत बसला. २८ वर्षांपूर्वी स्त्रियांच्या हक्कांसाठी गाडीत झोपलेला हाच तो माणूस. फॅन्सनी त्याच्या मृत्यूनंतर हेही लिहिलं. काहींनी तर आधी हेच लिहिलं. मला ते बरोबर वाटतं.

आणि ते कधीच न आलेलं पुस्तक! १९६७ मध्ये हार्लनने 'डेंजरस व्हिजन्स' हा ३३ कथांचा संग्रह काढला. इतर मासिकं ज्या कथांना हात लावणार नाहीत, अशाच इथे छापणार, हा फंडा. सायन्स फिक्शनचा चेहराच बदलला. १९७२ मध्ये दुसरा खंड आला आणि तिसरा लवकरच, अशी घोषणाही झाली. त्या तिसऱ्यासाठी त्याने शंभराहून जास्त कथा घेतल्या... आणि पुस्तक आलंच नाही. एक वर्ष नाही, दहा नाही, हार्लन मरेपर्यंत नाही! लेखक वाट बघत म्हातारे झाले. अनेक वारले. ब्रिटिश लेखक ख्रिस्तोफर प्रीस्टने वैतागून या प्रकरणावर एक पुस्तिकाच लिहिली. बटलरची 'चाइल्डफाइंडर'ही याच खंडासाठी घेतलेली. बटलर २००६ मध्ये गेली. कथा छापली गेली २०१४ मध्ये, वेगळ्याच पुस्तकात.

जरा थांबून विचार करा. ज्याने तिच्यासाठी दार उघडलं, त्याच्याच ड्रॉवरमध्ये तिची कथा अडकून पडली. लेखकाला त्याचं देणं द्या म्हणून जगाशी भांडणारा माणूस, आणि त्याचंच इतक्या लेखकांचं देणं राहिलेलं.

शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये स्ट्राझिन्स्कीने 'द लास्ट डेंजरस व्हिजन्स' बाहेर काढलं. जुन्यातल्या काही कथा आणि काही नव्या. त्यात त्याने हार्लनबद्दल उघडपणे लिहिलंय, की त्याला बायपोलर डिसऑर्डर होती आणि ती कळायला आयुष्य गेलं. बरंच काही कळतं त्याने. त्या टोकाच्या रागाचं, न पुऱ्या होणाऱ्या कामाचं. पण कारण कळलं म्हणून कॉनी विलिसचा अपमान पुसला जात नाही. स्ट्राझिन्स्कीही तसं म्हणत नाही. मित्र असावा तर असा!

ताई, माझाही पगार...

आता माझी गोष्ट. छोटीशीच आहे.

फ्रीलान्सिंग सुरू केलं तेव्हा पहिली काही महिने मी फुकटच लिहिलं. मग एका संपादकांनी दीड हजार शब्दांचा लेख मागितला. बजेट नाही, पण एक्स्पोजर मिळेल. मला सरांनी दाखवलेली ती क्लिप आठवली. छातीत धडधडत होतं, पण म्हटलं, "सर, पैसे नसतील तर मला जमणार नाही." पलीकडे शांतता. मग म्हणाले, "बरं, बघतो." आणि दिले! फार नाही, पण दिले. त्या रात्री मित्राला पार्टी दिली. हार्लनच्या नावाने!

त्यानंतर मला जरा चवच लागली. दुसऱ्या एका मासिकाने माझे तीन लेखांचे पैसे पाच महिने थकवले. एक दिवस डोकं सरकलं. अकाउंट्सला फोन लावला. एका मुलीने उचलला आणि मी सुटलेच. तुम्हाला पगार मिळतो ना? मग आम्ही काय हवा खायची? अगदी क्लिपमधल्यासारखं, त्याच ठेक्यात. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "ताई, माझाही पगार तीन महिने झालेला नाही."

मी फोन ठेवला. खूप वेळ नुसती बसून होते.

त्या रात्री ती क्लिप पुन्हा बघितली. तोवर शंभरदा पाहिली असेल. पण पहिल्यांदाच लक्षात आलं, की हार्लनने ज्या मुलीला सुनावलं ती काही स्टुडिओची मालकीण नव्हती. फोन करायचं काम मिळालेली एका छोट्या कंपनीतली पोरगी. तिला पगार किती होता, वेळेवर मिळायचा का, क्लिपमध्ये कुठेच नाही. आपल्याला तिचा आवाजही ऐकू येत नाही. हार्लनचा मुद्दा शंभर टक्के खरा होता. समोरचा माणूस चुकीचा होता.

हार्लनकडून मी काय घेतलं, तर हे. भांडायचं. जरूर भांडायचं. पण आधी बघायचं, की राग वर चाललाय की खाली. सिनात्रा, रॉडनबेरी, स्टुडिओ, मोर्चाच्या वाटेवरचे पोलीस यांच्यासमोर तो उभा राहिला, तेव्हा तो मोठा होता. स्टेजवरच्या लेखिकेसमोर, वाट बघणाऱ्या लेखकांसमोर, फोनवरच्या त्या पोरीसमोर तो मोठा नव्हता. हे सगळं मिळून एकच माणूस. त्याच्या फॅन्सनी त्याला तसाच, अख्खा लक्षात ठेवलाय. त्यालाही बहुतेक तेच आवडलं असतं. गुळगुळीत श्रद्धांजली वाचून त्याने नक्की कोणालातरी विटा पाठवल्या असत्या!

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला पुन्हा फोन केला. आधी सॉरी म्हटलं, मग नाव विचारलं. मग मालकांचा ई-मेल आयडी घेतला आणि त्यांना लिहिलं. व्यवस्थित, तारखांसकट, बिलं जोडून. माझे पैसे दोन आठवड्यांत आले. तिचे कधी आले, माहीत नाही. ती महिन्याभराने नोकरी सोडून गेली.

आणि हो, या लेखाचे पैसे मिळणार आहेत. लिहायला बसण्याआधी विचारून घेतलंय.

चौकट: कुठून सुरुवात कराल?

'रिपेंट, हार्लेक्विन!' सेड द टिकटॉकमन (१९६५): तुम्ही जितका उशीर कराल, तितकं तुमचं आयुष्य कापलं जाईल, अशी दुनिया. आणि ती बिघडवायला निघालेला एक मस्तवाल विदूषक. ऑफिसात लेट मार्क लागणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचून होते.

आय हॅव नो माउथ, अँड आय मस्ट स्क्रीम (१९६७): माणसांचा द्वेष करणारा सुपर कॉम्प्युटर आणि त्याच्या तावडीतली शेवटची पाच माणसं. १९९५ मध्ये यावर कॉम्प्युटर गेमही आला, त्यात कॉम्प्युटरचा आवाज खुद्द हार्लनचा! रात्री वाचू नका.

जेफ्टी इज फाइव्ह (१९७७): कायम पाच वर्षांचाच राहिलेला मुलगा आणि त्याचा मोठा होत गेलेला मित्र. एवढ्या भांडकुदळ माणसाने इतकं हळवं कसं लिहिलं, असा प्रश्न पडतो. रुमाल जवळ ठेवा.